ट्रेकमध्ये दर वेळी मांड्या, जांघा, खांदे सोलवटतात? आधी डाग वाचा

गड उतरताना मागून चालत असले की मला लांबूनच कळतं. माणूस फेंगडा चालायला लागतो. दोन पायांत वीतभर अंतर, गुडघे बाहेर, आणि दर दहा पावलांनी ट्रॅकपँट पुढून चिमटीत धरून खाली ओढणं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही ताई, बूट जरा लागतोय." अर्ध्या तासाने तोच हळूच शेजारी येतो, "ताई, तुमच्याकडे पावडर असेल का हो?" बूट बिचारा निर्दोष असतो. मांड्या सोललेल्या असतात.

शनिवार-रविवारी पुण्याहून ग्रुप घेऊन जाते त्याला आता बारा वर्षं झाली. त्यातले पहिले तीन-चार पावसाळे माझीही हीच गत व्हायची. दर वेळी वाटायचं, मांड्या जाड आहेत म्हणून होतंय, वजन उतरलं की थांबेल. वजन सात किलो उतरलं, थांबलं काहीच नाही. मग लक्षात आलं की आमच्यातला सगळ्यात काटकुळा मुलगाही दर ट्रेकला पावडर मागतो. म्हणजे भानगड वेगळीच होती.

ज्यांचं एकदाच झालं त्यांनी व्हॅसलीन लावावं आणि विसरून जावं. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय, ज्यांचं दर वेळी होतं, त्याच जागी होतं, आणि व्हॅसलीन लावूनही होतं.

त्वचेचा सगळ्यात वरचा पापुद्रा कोरडा असतो तोवर कापडावरून किंवा दुसऱ्या त्वचेवरून बऱ्यापैकी सरकतो. तो भिजला की पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो आणि चिकटून ओढला जायला लागतो. बादलीभर कपडे धुतल्यावर हातांची कातडी कशी मऊ पडते, तसंच जांघेत होत असतं, फक्त दिसत नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला चालत गेलात तर एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर होतात. एका पावलाला पाऊण मीटर धरा, वीस हजार पावलं झाली. वीस हजार वेळा ओली मांडी ओल्या मांडीवर. त्या वाटेला चढ असा फारसा नाही, आणि नवखे लोक तिथेच फसतात. सरळ वाट म्हणून न थांबता झपाझप चालत राहतात, आणि उधेवाडीत पिठलं-भाकरीला मांडी घालून बसायची वेळ आली की चेहरे पडतात.

दुसरा प्रकार याच्या उलटा, कोरडा. कात्रज ते सिंहगड एप्रिलच्या रात्री करून बघा. टेकडीमागून टेकडी, वाटेत पाणी नाही, घाम येतो आणि वाऱ्याने लगेच वाळतो. घाम वाळला तरी त्यातलं मीठ अंगावरच राहतं. काळ्या टीशर्टवर पांढऱ्या रेघा दिसतात ना, तेच मीठ चड्डीच्या इलॅस्टिकखाली आणि सॅकच्या पट्ट्याखालीही बसलेलं असतं. पुढचे चार तास तो सॅंडपेपर. पावसाळ्यात पाण्याने घासतं आणि उन्हाळ्यात मिठाने, म्हणून दोन्ही ऋतूंत एकच उपाय चालत नाही. माझी चार वर्षं यातच गेली.

डाग वाचा

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी आरसा घ्या आणि नीट बघा. लाज वाटत असेल तर दाराला कडी लावा, पण बघा. डागाचा आकार आणि जागा बरंच काही सांगते.

दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला समोरासमोर, तळहाताएवढा लाल पट्टा असेल तर त्वचा त्वचेवर घासलीय. मध्ये कापड नव्हतं, किंवा होतं ते गुंडाळून वर गेलं. बारीक, सरळ रेघ असेल तर ती शिवण किंवा इलॅस्टिक. जांघेच्या घडीत अशी रेघ असली तर नव्वद टक्के वेळा दोषी साधी सुती चड्डी. तिची कड नेमकी त्याच घडीत बसते, पाणी धरून ठेवते आणि प्रत्येक पावलाला करवतीसारखी पुढे-मागे होते. सुती कापड घरात कितीही गुणी असलं तरी ट्रेकला नाही. भिजलं की जड होतं आणि वाळायचं नाव घेत नाही.

कंबरेच्या मागे, माकडहाडाच्या वर गोल डाग म्हणजे सॅक. पट्टा ढिला राहिला, सगळा भार खाली लोंबला आणि पाठीचा कठीण भाग दर पावलाला तिथे आपटत राहिला. कंबरेच्या दोन हाडांवर डाग असतील तर टीशर्ट पट्ट्याखाली चुणी पडून अडकला होता. एकाच मांडीवर, बाहेरून किंवा समोरून डाग असेल तर खिसा तपासा. मोबाईल. आमच्यातल्या एकाला फक्त उजवीकडे व्हायचं, आम्ही दोन ट्रेक डोकं खाजवत बसलो. खिशातल्या मोबाईलने ओली ट्रॅकपँट एका बाजूने खाली ओढली जायची, मांडीत घडी पडायची आणि ती घडी काचायची. मोबाईल सॅकमध्ये गेला, प्रश्न मिटला.

कुल्ल्यांच्या फटीत होतं त्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मीच बोलते. तिथे घाम वरून पाठीवरून वाहत येतो, हवा लागत नाही, आणि पहाटे झुडपामागे उरकून घाईत कोरडं न केलेली जागा असते. पाणी वापरा, मग टिश्यूने टिपून पूर्ण कोरडं करा आणि चालायला लागायच्या आधी तिथेही व्हॅसलीनचं बोट फिरवा. एवढंच.

आणि डाग गोल असेल, कडेला उंचवटा, मधे त्वचा बरी दिसतेय, आगीपेक्षा खाज जास्त, आणि ट्रेक होऊन दोन आठवडे झाले तरी तिथेच आहे, तर तो काचल्याचा डाग नाही. तो नायटा. त्याच्याकडे शेवटी येते.

कपडे: नळाखाली परीक्षा

जिचा पाय मांडीच्या मध्यापर्यंत येतो अशी, घट्ट बसणारी, नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये ताणाचा धागा असलेली शॉर्ट्स आत घाला. सायकलिंग शॉर्ट्स म्हणून मिळते ती चालेल, फक्त बुडाखाली गादी नसलेली घ्या. ती गादी पाणी शोषते आणि लंगोटासारखी लोंबते. तिच्या आत पुन्हा सुती चड्डी घालू नका. हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण आत चड्डी घातली की ती शिवण आणि ते ओलं इलॅस्टिक परत आलंच. वरून सैल, पटकन वाळणारी ट्रॅकपँट. जीन्सबद्दल मी बोलणार नाही, दरवर्षी कुणीतरी घालून येतंच.

शॉर्ट्सचा पाय किती लांब हवा? जिथे मांड्या एकमेकींना लागतात त्या जागेच्या चार बोटं खाली. दुकानात उभं राहून हे कळत नाही. घरी आणा, बाथरूममध्ये नळाखाली चिंब भिजवा, पिळा, तशीच ओली घाला आणि वरून पँट चढवून वेताळ टेकडीला किंवा तुमच्याकडे जी टेकडी असेल तिला तासभर चक्कर मारून या. पाय गुंडाळून वर आला, शिवण जाणवली, कुठे चुरचुरलं तर ती शॉर्ट्स घरात घालायला ठेवा. कोरडी असताना सगळ्याच शॉर्ट्स छान असतात. माझ्या तीन बाद झाल्या, चौथी सहा वर्षं चालतेय. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, "अगं, पाऊस पडतोय का बाहेर?" मे महिना होता.

धुताना साबणाचा चुरा नीट निघू द्या आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी या कपड्यांना लावू नका, त्याचा थर बसून कापड घाम ओढायचं थांबवतं. सॅकचे पट्टे तर लोक वर्षानुवर्षं धूत नाहीत. खांद्याचा पट्टा उलटा करून बघा, मिठाने कडक झालेला असेल. कोमट पाण्यात घासून काढा, खांदे आपोआप निम्मे बरे होतील.

आणखी एक. ट्रेकच्या आदल्या दिवशी जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नका. दुसऱ्या दिवशी फुटलेले खुंट घासायला लागतात आणि घामाने पुटकुळ्या येतात. काढायचेच असतील तर आठवडाभर आधी, नाहीतर कात्रीने बारीक करा.

तेल, व्हॅसलीन, पावडर

दिवे घाटात एकदा वारीबरोबर चालत होते. पुणे ते सासवड हा टप्पा लांब, आणि घाट चढून गेल्यावर एका आजोबांजवळ बसले. त्यांनी झोळीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, धोतराच्या आडोशाने मांड्यांना हात फिरवला, बाटली ठेवली. दुसरं धोतर काठीला बांधून वाळत टाकलं होतं. मी विचारलं, दुखतंय का? "छ्या. दुखत नाही तवाच लावायचं असतंय." आमचे आयटीवाले पंधरा-वीस हजारांचे बूट घेतात, पण हे त्यांना चौथ्या ट्रेकला कळतं.

खोबरेल चांगलंच आहे, पण पावसात तासाभरात उतरतं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे बाटली उलटी करून हलवत बसावं लागतं. व्हॅसलीन जास्त टिकतं. भर पावसात मी दर दोन तासांनी पुन्हा लावते. एका मांडीला बोटाचं एक पेर भरेल एवढं घ्या, चोळून जिरवू नका, थर दिसला पाहिजे. लावताना त्वचा कोरडी हवी. ओल्या, खारट त्वचेवर लावलं तर मीठ आणि पाणी आतच कोंडलं जातं, आणि "लावूनही होतं" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकतं. मी कॉन्टॅक्ट लेन्सच्या जुन्या डबीत भरून खिशात ठेवते, म्हणजे सॅक उघडायचा आळस आड येत नाही. लहान बाळांच्या लंगोटाच्या लालीला लावतात ती झिंक ऑक्साइडची क्रीमही उत्तम, फक्त पांढरी पडते, काळ्या कपड्यांना दिसते.

पावडर मात्र नको. घरात, एसीत, रात्री झोपताना ठीक. घामाच्या धारा लागल्या की तिचे गोळे होतात, घडीत बसतात आणि तेच घासतात. पावडर मागायला येणाऱ्याच्या हातात मी व्हॅसलीन ठेवते.

बायकांसाठी थोडं वेगळं. स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा ओला झाला की स्तनांखाली चंद्रकोरीसारखा डाग पडतो. घालायच्या आधी त्या ओळीवर व्हॅसलीनची रेघ ओढा, आणि मागे हूक असलेली ब्रा घेऊ नका, सॅक तो हूक पाठीत रुतवते. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा आणि पंख जांघ सोलून काढतात, कारण ते घडीच्या नेमके बाहेर येतात आणि घामाने कडक होतात. अरुंद पॅड, दर तीन-चार तासांनी बदल, आणि कडेला जिथे पंख लागतात तिथे आधीच व्हॅसलीन, पण पॅड चिकटवायच्या कापडावर नाही, नाहीतर तो सरकेल. पॅडऐवजी पाळीचा कप वापरत असाल तर प्रश्नच येत नाही. पण पहिल्यांदा वापरून बघायची जागा अलंग-मदनसारखे अवघड गड नव्हेत. आधी दोन-तीन महिने घरी सवय करा.

पुरुषांचं स्तनाग्रांवर होतं, विशेषतः पळणाऱ्यांचं. टीशर्टवर दोन रक्ताचे ठिपके बघून घाबरू नका. कागदी चिकटपट्टी, मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मिळते ती, लावून निघा.

वाटेत चुरचुरायला लागलं तर

थांबा. लगेच. पुढच्या टेकडीवर नाही, गडावर पोचल्यावर नाही. पहिली चुरचुर आणि सोललेली मांडी यांत वीस-पंचवीस मिनिटांचंच अंतर असतं, आणि ग्रुपला थांबवायला संकोच वाटतो म्हणून लोक नेमकी तीच घालवतात. मी आता निघतानाच सांगून टाकते की "पाच मिनिटं आडोशाला" असं म्हटलं की कुणी कारण विचारायचं नाही.

आडोशाला गेल्यावर अर्धा पेला साधं पाणी त्या जागेवर ओता, हाताने हलकेच फिरवा, मीठ निघू द्या. पाणी कमी असेल तर ओला रुमाल. मग जुन्या मऊ पंच्याने टिपा, घासू नका. पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला हवा, नाहीतर त्याचा काय उपयोग? दोन मिनिटं हवा लागू द्या. व्हॅसलीन. दुसरी कोरडी शॉर्ट्स असेल तर ती चढवा. साल निघालीच असेल तर व्हॅसलीनवर न चिकटणारा गॉझ ठेवून त्यावर शॉर्ट्स घाला. थेट त्वचेवर चिकटपट्टी लावू नका, घामाने ती सरकते आणि काढताना उरलेली साल घेऊन येते.

फेंगडं चालत उतरणं ही वाईट कल्पना आहे. ओल्या कातळावर पाय बाहेर टाकला की तोल जातो आणि गुडघा वळतो. वेग कमी करा, पावलं छोटी टाका, पण पाय सरळ टाका.

पन्हाळा ते पावनखिंडीसारखा दोन दिवसांचा ट्रेक असेल तर खरा घोळ दुसऱ्या सकाळी होतो. रात्री वाडीवर मुक्कामाला पोचलात की चहाच्या आधी ओले कपडे उतरवा. शेकोटीभोवती गप्पा मारत ओल्या चड्डीत दोन तास बसलेले लोक मी पाहिलेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना टेम्पोत बसवून पाठवलंय. धुवा, टिपा, झिंकची क्रीम लावा आणि काहीही न घालता लुंगीत किंवा सैल पायजम्यात झोपा. सकाळी काल ओली राहिलेली शॉर्ट्स थंडगार असते, ती घालायची वेळ येऊ देऊ नका. एक अंगावर, एक वाळत, आजोबांच्या धोतरासारखं.

घरी आल्यावर

गरम पाण्याची आंघोळ डोळ्यांसमोर नाचत असते, आणि पहिला तांब्या अंगावर घेतल्यावर जी किंकाळी निघते ती खालच्या मजल्यावर ऐकू जाते. आंघोळीआधीच सोललेल्या जागेवर व्हॅसलीन थापा, म्हणजे पाणी तेवढं झोंबत नाही. पाणी कोमट, साबण सौम्य आणि तोही हाताने, घासणी नको. टिपून कोरडं करा, मग झिंकची क्रीम किंवा व्हॅसलीन, दिवसातून दोन-तीनदा. स्पिरिट आणि जंतुनाशकं सोललेल्या जागी ओतू नका, बरी होणारी त्वचा त्यांनी आणखी भाजते. घरोघरी असतं ते कापराचं मलम नुसत्या लालीवर थंड वाटेल, उघड्या जखमेवर मात्र नाचवेल. हळदीचा लेप वाळून खपली धरतो आणि चालताना ती खपलीच घासते, तेव्हा आजीचा मान राखून नको म्हणा.

घरात सुती आणि सैल. परकर, लुंगी, काय हवं ते. नुसती लाली दोन-तीन दिवसांत जाते. साल निघाली असेल तर आठवडा धरा आणि तेवढ्यात पुढचा ट्रेक लावू नका. अर्धवट भरलेली जागा पहिल्या तासातच पुन्हा उघडते, आणि "मला दर वेळी होतं" यामागे अनेकदा पहिलंच बरं झालेलं नसतं.

आता नायट्याचं. ओली, सोललेली जांघ बुरशीला आयतं घर मिळवून देते. कडेने उंच गोल डाग, खाज, हळूहळू पसरणं ही नायट्याची खूण. लालभडक ओलसर जागा आणि तिच्या बाहेर सुट्या सुट्या बारीक पुटकुळ्या असतील तर यीस्ट, म्हणजे दुसऱ्या जातीची बुरशी. दोन्हींत नुसत्या व्हॅसलीनने काही होत नाही, आणि मेडिकलवाल्याला लाजत लाजत "खाजेची ट्यूब" मागणं सगळ्यात घातक. त्या मिश्रणाच्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे शब्द शोधा. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने परत येते, आकारही बदललेला असतो, त्यामुळे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड. आमच्यातल्या एका मुलाने वर्षभर असं लावलं. त्याच्या जांघेत जांभळट भेगांसारखे चट्टे उठलेत, त्वचा पातळ झाल्याचे. नायटा नंतर गेला, चट्टे राहिले.

पू, घाण वास, जागा गरम लागणं, लाली रोज वाढत जाणं, ताप, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असेल तर यातलं काही दिसायची वाट न बघता. आणि आठवडाभरात सुधारत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आत्तापर्यंत जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.